मिरजेच्या तंबोऱ्याची गिऱ्हाइकं

मिरजेत तंबोरे कधीपासून होतात असं विचारलं, की गोष्ट शिकलगारांपासून सुरू होते. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींचा गंज उतरवून त्यांना धार आणि चकाकी देणारे कारागीर. मिरजेचा किल्ला १७६१ मध्ये पटवर्धनांकडे आला, आणि त्यांच्या फौजेच्या हत्यारांवर शिकलगारांची घरं चालू लागली. १८१८ साली पेशवाई गेली. पटवर्धनांचं संस्थान राहिलं, पण इंग्रजांच्या छायेत. लढाया संपल्या आणि तलवार हळूहळू दसऱ्याच्या पूजेपुरती उरली. १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावानं बिघडलेली वाद्यं दुरुस्त करून पाहिली, मग नवी बनवायला घेतली. पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर असं आडनाव लावलं. त्यांची गल्लीही सतारमेकर गल्ली म्हणूनच ओळखली जाते.

ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. हाताला काम उरलं नाही एवढ्यावरून कोणी तंबोरे करायला लागत नाही. त्या शतकात ठिकठिकाणचे शिकलगार रिकामे झाले आणि विळे, कात्र्या, अडकित्त्यांना धार लावत फिरू लागले. मिरजेचे तंबोऱ्याकडे वळले, कारण मिरजेत तंबोरा मागणारी माणसं होती. आणि ती नाकारणारीही होती. ‘हा नको, याचा षड्ज भरत नाही’ असं तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक ज्या गावात असतं, तिथंच असला धंदा मुरतो. म्हणून या वाद्याची वंशावळ कारागिरांच्या बाजूनं न मांडता घेणाऱ्यांच्या बाजूनं मांडून पाहतो.

या मुलखातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत लाडावलेलं गिऱ्हाईक विजापूरला होतं. १५८० ते १६२७ राज्य करणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा हा राजा कमी आणि गवई जास्त होता असं त्याचे दरबारीसुद्धा मनातल्या मनात म्हणत असतील. त्यानं ‘किताब-ए-नौरस’ नावाचा गेय पदांचा ग्रंथ दखनीत रचला. त्यात आपल्या आवडत्या हत्तीबरोबर आपल्या तंबुराचाही गौरव केला, आणि त्या तंबुराला नाव दिलं ‘मोतीखान’. फर्रुख बेग या चित्रकारानं रंगवलेलं, तंबूर वाजवणाऱ्या इब्राहिमचं चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे. मिरज तेव्हा आदिलशाहीतच होती. आता इब्राहिमचा मोतीखान म्हणजे आपला तंबोरा नव्हे. इराण-तुराणातून आलेल्या लांब मानेच्या तंबुराच्या घराण्यातला तो. त्यावर सूर वाजवत. आपल्या तंबोऱ्यावर सूर वाजवत नाहीत, चार तारा एकामागून एक छेडत राहतात आणि गाणारा त्या आवाजात उभा राहतो.

असं फक्त आधार देणारं वाद्य आपल्याकडे फार जुनं नाही, हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वीणांचे कितीतरी प्रकार आहेत, तंबोरा नाही. सतराव्या शतकापासूनच्या चित्रांत मात्र खांद्याला टेकवलेला तंबोरा घेऊन बसलेले गवई दिसू लागतात. म्हणजे ज्याच्याशिवाय आज ख्यालाची बैठक मांडता येत नाही, ते वाद्य तीन-चारशे वर्षांचं आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. गाण्याची गरज बदलली, सूर लांबवून लावायची हौस वाढली, आणि त्या हौसेनं वाद्य घडवून घेतलं.

मिरजेत ही हौस आणली ती ग्वाल्हेरच्या गायकीनं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर परंपरेतला ख्याल महाराष्ट्रात रुजवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांचा मुक्काम मिरजेत होता. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे भाजले म्हणून उपचारासाठी मिरजेला आला. दृष्टी जवळजवळ गेली होती. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला बुवांकडे गाणं शिकायला बसवलं. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. १८९६ मध्ये ते मिरज सोडून निघाले आणि ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. हे नाव पुन्हा येईल. तंबोऱ्याच्या व्यापारात त्यांच्याएवढी उलाढाल कुठल्या संस्थानिकानंही केली नसेल, तीही स्वतः दुकान न टाकता.

बाळकृष्णबुवांसारखा गुरू गावात, त्याच्याभोवती शिष्यांचा घोळका, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की शिकलगारांचं घर. शिकलगाराला या लोकांनी काय दिलं असेल याचा विचार करावा. पैसे फारसे नसणार, शिष्य मंडळी माधुकरीवर जगणारी. पण त्यांनी दिला कान. सूर लागला की नाही हे ठरवणारी इतकी माणसं एका जागी, रोज, फुकट. दुसऱ्या कुठल्याही हत्याराहून कारागिराला याची गरज जास्त होती.

पुढं त्यांच्याहूनही कडक कानाचं गिऱ्हाईक आलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे. पण अखेरची वर्षं ते मिरजेतच होते. श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, नेमकेपणाचं त्यांना वेड होतं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिलं, आणि त्या श्रुती गळ्यातून काढून दाखवायला खाँसाहेब उभे राहिले. वाद्याच्या दुरुस्तीतही त्यांचा स्वतःचा हात चालत असे. विचार करा, तंबोरा घ्यायला आलेला माणूस जगातला एक सर्वांत सुरेल गळा, त्याला श्रुतींचं गणित ठाऊक, आणि वर कानस कशी धरायची तेही माहीत! अशा गिऱ्हाइकापुढं ‘चालतंय की’ म्हणून माल खपवता येत नाही. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर खाँसाहेबांचं देहावसान झालं. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात दरवर्षी तिथं गाणं होतं, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात होतं. दोन्हीकडे श्रोत्यांत वाद्य बनवणारे असतात. आपला माल मैफलीत कसा बोलतो हे त्यांना तिथंच कळतं.

आता वाद्याकडे वळू, कारण गिऱ्हाइकाच्या कानाचं नेमकं काय काम असतं ते वाद्य बनताना पाहिल्याशिवाय कळत नाही.

तंबोऱ्याचं पोट म्हणजे भोपळा. खायचा नव्हे, कडू. जाड सालीचा. तो येतो भीमेच्या काठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून. नदीला पूल नव्हते तेव्हा असे वाळलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून लोक नदी पार करत. म्हणजे पोकळ, हलका आणि पाण्याला न दबणारा भोपळा ओळखायची नजर त्या भागात आधीपासूनच असणार. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे बेभरवशाचं पीक. चांगला मोठा भोपळा मिळाला तर सोनं, वेडावाकडा झाला किंवा कुजला तर काहीच नाही. मिरजेचा कारागीर भोपळे निवडायला जातो तेव्हा तो आकार पाहतो, सालीची जाडी पाहतो, बोटांनी वाजवून पाहतो.

सुकलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, तोंड ताणून त्याला हवा तो आकार देतात आणि पुन्हा वाळू देतात. त्यावर गळा आणि दांडी चढते. दांडी आतून पोकळ. लाकूड बहुधा तूनचं, हलकं आणि मुरलेलं. तोंडावर तबली बसते. तबली फार जाड राहिली तर आवाज आतच बसतो, फार पातळ झाली तर काही वर्षांत तारांच्या ताणानं खचते. मग खुंट्या, नक्षी, लाखेचं पॉलिश. ही सगळी कामं एकाच हाताची नसतात. कोणी भोपळ्यात तरबेज, कोणी दांडीत, कोणी नक्षीत. एका तंबोऱ्यावर पाच-सहा घरांचं पोट असतं.

इथपर्यंत ही सुतारकी आहे. उत्तम, पण सुतारकीच. तंबोरा तंबोरा होतो तो शेवटच्या कामात, जवारीत.

तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. मागून पुढं त्याला अगदी सूक्ष्म उतार, सूक्ष्म कमान असते. गिटारच्या तारेसारखी तंबोऱ्याची तार एका धारदार कडेवरून थेट निघून जात नाही. हलताना ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती दोरा सरकवतात. त्याची जागा केसभर पुढंमागं केली की एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो, आणि एका तारेतून स्वरांची झुंबरं लोंबायला लागतात. षड्ज छेडला तरी त्यातून गंधार ऐकू येतो, जो कोणी वाजवलेलाच नाही.

हा चमत्कार पदार्थविज्ञानालाही खटकला होता. तार जिथं छेडली जाते तिथं ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा जुना नियम. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात. ज्यांनी गप्प राहायला हवं ते उपस्वर इथं मोठ्यानं बोलतात. कारण ती कमानदार घोडी. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती, आणि रामन यांनी वेळ घालवला होता मिरजेसारख्या ठिकाणच्या कानशीनं घडवलेल्या एका उतारावर.

तो उतार घडवणं म्हणजेच जवारी काढणं, आणि ते मोजून होत नाही. कारागीर कानस एकदा, हलकी, फिरवतो. तार चढवतो, जुळवतो, ऐकतो. तार उतरवतो. पुन्हा कानस. चार तारांची चार कामं, आणि चारही तारांची जवारी एकमेकींशी मिळायला हवी. तासन्‌तास जातात. एक घास जास्त झाला तर परत भरता येत नाही. सगळा माथा नव्यानं घासून सुरुवात करायची. इथं शिकलगारी पुन्हा आठवते. पोलादी पात्यावर हात किती दाबायचा, कुठं थांबायचं, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोटांत होतं, त्या घराला घोडी घासायचं काम जवळचं वाटलं असणार. हा माझा तर्क आहे, पण मिरजेच्या जवारीचं नाव का झालं याचं याहून पटणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

आणि इथंच गिऱ्हाईक लागतं. कुठली जवारी बरोबर, याला एक उत्तर नाही. कोणाला खुली जवारी हवी, झणझणीत. कोणाला बंद, गोल, आवाजाच्या मागं राहणारी. पुरुषांची पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, पेटीवर बहुधा पांढरी एक-काळी एकच्या आसपास असते, बायकांची काळी चार-पाचला. पट्टी बदलली की तारेची जाडी बदलते, ताण बदलतो, जवारी बदलते. म्हणून मिरजेत तुम्ही तंबोरा पाहायला गेलात की किंमत सांगण्याआधी पहिला प्रश्न येतो, ‘पट्टी कुठली?’ दुसरा, ‘आवाज कोणाचा, तुमचा का घरातल्या कोणाचा?’ मग तुम्हाला सा लावायला सांगतात. लाजून चालत नाही. गायकानं शेजारी बसून ‘अजून थोडी उघडा’, ‘आता फार बोलतेय’ असं सांगत राहायचं आणि कारागिरानं घासत राहायचं, ही खरेदीची पद्धत आहे. वस्तू तयार होती आणि ती विकत घेतली, असं तंबोऱ्याच्या बाबतीत होतच नाही. विकत घेताना ती पुरी होते.

हस्तकलेच्या प्रदर्शनात हल्ली एक सूर ऐकू येतो, ‘कारागिरांना मदत करा’. मला तो सूर खुपतो. खाँसाहेबांनी कोणाला मदत केली नव्हती. त्यांना तंबोरा हवा होता आणि वाईट तंबोरा चालणार नव्हता. दया करणारं गिऱ्हाईक एकदा घेतं आणि घरी जाऊन कपाटावर ठेवतं. गरजू आणि खोडसाळ गिऱ्हाईक दहा वेळा परत येतं, भांडतं, आणि त्याच्या प्रत्येक भांडणागणिक कारागिराचा हात सुधारतो.

विसाव्या शतकात हे गिऱ्हाईक कुठून कुठं पसरलं त्याचं श्रेय पलुसकरांना द्यायला हवं. दरबारातलं आणि कोठ्यावरचं गाणं त्यांनी शाळेच्या बाकावर आणलं. गाणं शिकणं हे मध्यमवर्गीय घरात शोभेसं झालं. त्यांच्या शिष्यांतले विनायकबुवा पटवर्धन तर मिरजेचेच. पुढं १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं आणि त्याचं मुख्य कार्यालय मिरजेला आलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या प्रमाणपत्रावर लाखो मुलांनी मिरज हे नाव वाचलंय, बहुतेकांनी गाव न पाहता. आधी संस्थानिक आणि उस्ताद मिळून तंबोरे लागायचे ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आता गावोगावच्या संगीत वर्गात जोडी हवी, आणि वर्गातल्या हुशार मुलीला घरी एक.

मुलीला म्हणायचं कारण आहे. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून भरलेल्या मैफलीत सन्मानानं गायल्या, आणि घरंदाज मुलींना गाणं शिकवायला आईबापांचा धीर वाढला. आकारानं लहान, उंच पट्टीचा तंबोरा आधीही होता, पण आता त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. दुकानात त्याला आजही ‘लेडीज’ म्हणतात आणि मोठ्याला ‘जेंट्स’, रेल्वेच्या डब्यासारखं. रेल्वेचा उल्लेख आलाच आहे तर, मिरज हे जंक्शन असणं हेही या व्यापाराचं एक कारण मानायला हवं. एवढं नाजूक, एवढं अडचणीचं सामान बैलगाडीनं लांब गेलं नसतं.

गाव, गावातले कारागीर, गावातला माल, असं साधं चित्र यातून उभं राहत असेल तर ते पुसायला हवं. ‘स्थानिक’ म्हणून ज्याचं कौतुक करायचं त्या तंबोऱ्यात स्थानिक किती? वाद्याचं घराणं इराण-तुराणातलं. भोपळा ही वनस्पतीच मुळात आफ्रिकेतली, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. पोलादी तार चांगली हवी तर जर्मनीतल्या रोसलाऊची. पूर्वी घोडीला हस्तिदंत आणि साबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, आता उंटाचं हाड, शिसवी, अॅक्रिलिक असं काहीबाही येतं. बनवणारे मुसलमान, गाणी बहुतेक कृष्णाची. स्थानिक आहे तो फक्त हात, आणि त्या हाताला गावात रोज मिळणारा कान. ही दोनच चीजवस्तू बाहेरून मागवता येत नाहीत.

१९७९ च्या सुमारास बंगळूरला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतियंत्र तयार केलं आणि पुढं त्यातूनच इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघर गेला. नंतर मोबाइलवर ॲप आलं. याला शिव्या देणं सोपं आहे, मी देणार नाही. एका खोलीच्या घरात साडेचार-पाच फुटांचं वाद्य कुठं ठेवायचं? विमानात कसं न्यायचं? पहाटे रियाजाला बसायचं तर तंबोरा धरायला कोण उठणार? यंत्रानं गाण्याला लाखो विद्यार्थी मिळवून दिले. यातल्या बऱ्याच ॲपमधला आवाज तर खऱ्याच तंबोऱ्याचा, रेकॉर्ड करून घेतलेला असतो; त्याची जवारी कोणी लावली हे मात्र ॲप सांगत नाही.

नुकसान झालं ते वेगळ्या जागी. पूर्वी शिष्याचं पहिलं वर्षभर काम काय, तर तंबोरा लावणं. पंचम जुळला का, मधल्या दोन तारांची जोड एकमेकींत विरघळली का, खर्ज कोरडा तर नाही? गळा तयार व्हायच्या आधी कान तयार होई. यंत्रात बटण दाबलं की सगळं जुळलेलं. दहा वर्षं गाऊनही ज्याला तंबोरा लावता येत नाही असा विद्यार्थी आज दुर्मीळ नाही. तो चांगला गात असेल. पण तो तंबोरा घ्यायला मिरजेला गेला, तर काय सांगणार? त्याला जवारी ऐकू येत नाही. मग तो डोळ्यांनी निवडतो. आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी निवडायला लागलं की कारागीर डोळ्यांसाठी बनवायला लागतो. दांडीवर मोर चढतात, भोपळ्यावर फुलंपानं वाढतात, चकचकीत पॉलिशचे थर बसतात, आणि घोडीवरचे ते तास कमी होत जातात. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा केलेला तंबोरा मी पाहिलाय. तारा होत्या, दोरा नव्हता.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट. दुसरीकडचा माल आता ‘मिरजेचा’ म्हणून विकता येणार नाही, निदान कायद्यानं. पण मानांकनानं नाव राखता येतं, गिऱ्हाइकाचा कान नाही. शिवाय या घरांतली पुढची पिढी घोडी घासायला बसेल का, हा हिशेब वेगळा आहे. महिनोन्‌महिने भोपळा वाळवायचा, तेवढा पैसा अडकवून ठेवायचा, आणि शेवटी गिऱ्हाइकानं ऑनलाइन किमतीशी तुलना करून घासाघीस करायची, हे कुठल्या शिकलेल्या मुलानं का पत्करावं? दुकानात किंमत पाडून घेणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की त्यांनी नेमके कुठले तास कमी करायला सांगितले. भोपळा वाळण्याचे करता येत नाहीत. म्हणजे जवारीचेच.

ज्यांना खरंच घ्यायचा आहे त्यांनी एकटं जाऊ नये. गुरूला किंवा कान असलेल्या मित्राला बरोबर न्यावं. स्वतःची पट्टी ठाऊक असल्याशिवाय जाऊ नये. दुकानात आधीच लावून ठेवलेल्या तंबोऱ्यावर भुलू नये, खुंटी स्वतः फिरवून तो उतरवावा आणि पुन्हा लावायला सांगावं. खुंटी पकडते का, स्वर टिकतो का ते तिथंच कळतं. दोरा काढून टाकून एकदा ऐकावं. खर्जाची तार एकटी छेडून तिचा आवाज किती वेळ तग धरतो ते पाहावं. आणि हे समजून घ्यावं की आजचा व्यवहार शेवटचा नाही. तारा घोडीला खात राहतात, पावसाळ्यात लाकूड फुगतं, वर्षा-दोन वर्षांनी जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेचे कारागीर या कामासाठी पुण्या-मुंबईला येतात, एकेका घरी बसून चार-चार वाद्यं लावून देतात. अशा भेटीत जुन्या तंबोऱ्याचा बाप कोण, म्हणजे कुठल्या घरात तो बनला, हे हात फिरवूनच ओळखणारे लोक अजून आहेत.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक राहून गेलं, आणि ते ख्याल ऐकत नाही. दिंडीत वीणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणा तंबोऱ्याचीच धाकटी बहीण, भोपळ्याचीच, आणि मिरजेत भजनी वीणाही बनतात. पंढरपूरच्या पट्ट्यातला भोपळा मिरजेला येतो आणि वीणा होऊन वारीबरोबर पंढरपूरला परत जातो. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. माणसं पाळीपाळीनं पहारा देतात, रात्रीसुद्धा, उभ्यानं. त्या वीणेसाठी वर्गणी काढून चार-पाच जण येतात. त्यांना खुली जवारी, बंद जवारी यांत रस नसतो. त्यातला एक जण वीणा गळ्यात अडकवतो, दुकानातच दोन्ही पाय रोवून उभा राहतो आणि वजन अजमावतो. जड वाटली तर परत देतो. मग कारागीर दुसरी काढतो.